हलकी झालेली कळशी

देवाला एका गावाहून दुसऱ्या गावाला न्यायचं, तर नुसता दगड उचलून गाडीत ठेवून भागत नाही. दगड म्हणजे देवाचं घर. घर सोडायच्या आधी घरातल्याला बाहेर बोलवावं लागतं. भटजी मंत्र म्हणतात, पिंडीवर हात ठेवतात आणि आतलं तत्त्व तांब्याच्या कळशीतल्या पाण्यात उतरवतात. कळशीच्या तोंडावर नारळ बसवायचा, कडेनं कणीक लिंपायची, आणि ती खांद्यावर घेऊन चालायला लागायचं. वाटेत कळशी भुईला टेकवायची नाही. मागं वळून बघायचं नाही. तोंडातून शब्द काढायचा नाही. नव्या जागी नव्या पिंडीवर ते पाणी ओतलं, की देव नव्या घरात आला. जुना दगड मग दगडच राहिला.

डोहवाडीचा डोहेश्वर असाच आला. माकणीच्या धरणाचं पाणी गावात शिरणार होतं, त्याला आता छत्तीस वर्षं झाली. जुनी पिंड उचलण्यासारखी नव्हती. तेरणेच्या काठचा काळा खडक जागच्या जागी घडवून ती काढलेली, खालच्या कातळाशी एकसंध. म्हणून पिंड तिथंच सोडून देव तेवढा कळशीतून आणायचा ठरला. कळशी आणायचा मान गुरवाचा. गुरव म्हणजे शिवशरण. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता, आणि लग्नाला चार महिने झाले होते.

आजही नव्या डोहवाडीत कुणाला विचारलं तर सांगतात, "आमचा देव चालत आला. शिवशरणच्या खांद्यावर बसून, दोन कोस."

ती कळशी नव्या गावात पोचली तेव्हा तिच्यात टाकीचं पाणी होतं, हे मात्र कुणी सांगत नाही. कारण ते शिवशरणशिवाय कुणाला माहीत नव्हतं. निदान त्याला तसं वाटत होतं.

झालं होतं ते असं. आदल्या संध्याकाळी त्याच्या वडलांनी त्याला सांगितलं होतं, "कळशी भरून रातभर कोरड्या राखेवर ठेव. सकाळी राख वली दिसली तर दुसरी काढू." गुरवांच्या घरात हा रिवाजच होता, देवाचं भांडं तपासल्याशिवाय वापरायचं नाही. पण त्या रात्री माकणीत व्हिडिओवर पिक्चर लागला होता, आणि शिवशरण मित्रांबरोबर सायकलवर तिकडं गेला. सकाळी वडलांनी विचारलं, "तपासली का रं?" तो म्हणाला, "व्हय."

वैशाखाचं ऊन होतं. पुढं हलगी, मागं सगळं गाव. कळशी इतकी जड होती, की पहिल्या शंभर पावलांत त्याच्या मानेची शीर दुखायला लागली. पाठीवर, दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये, काहीतरी ओलं सरकत होतं. त्याला वाटलं घाम. कळशी हळूहळू हलकी होत गेली. त्याला वाटलं, देव आपल्यावर दया करतोय. त्यानं डोळे मिटून आनंदानं मान हलवली. पुढं आयुष्यभर त्याला लाज वाटली ती या आनंदाची.

शेवटच्या चढावर लोक पाणी प्यायला थांबले. तिथं नव्या गावाची पत्र्याची शेड होती, आणि शेडमागं टँकरनं भरलेलं एक पिंप. शिवशरणनं खांदा बदलायला कळशी उचलली, तर ती रिकाम्या डब्यासारखी वर आली. तो शेडमागं गेला. नारळ बाजूला केला. तळाशी बोटभर ओल. बुडाला जिथं सांध्याची झाळ असते, तिथं केसाएवढी चीर.

बोलायचं नव्हतं, म्हणून तो बोलला नाही. तोंडावरची थोडी कणीक काढून त्यानं चिरेत दाबली, कळशी पिंपात बुडवली, नारळ परत बसवला. पिंपात आधी डिझेल ठेवलेलं असावं. पाण्यावर रंगीत तवंग होता.

तुळजापूरच्या मार्तंड शास्त्र्यांनी मंत्र म्हणत ते पाणी नव्या पिंडीवर ओतलं. बायका रडल्या. तीर्थ घेताना एक म्हातारी म्हणाली, "पान्याला कसला तरी वास येतोय." दुसरी म्हणाली, "डोहाचा वास हाय त्यो. कितींदा आलीस तू देवळात?" शिवशरणच्या वडलांनी पिंडीवर कपाळ टेकलं. डोळ्यांनी त्यांना कमीच दिसायचं. ते म्हणाले, "आला. मला कळलं, आला." त्याच श्रावणात ते गेले, अगदी शांतपणानं. आता सांगायचं तर कुणाला सांगायचं?

त्यानंतर शिवशरणनं जी पूजा केली, तशी पूजा पंचक्रोशीत कुणी केली नसेल. पहाटे चारला उठून अंघोळ, अनवाणी पाय, पावसाळा असो की थंडी. अंगात ताप असताना तो भिंतीला धरून गाभाऱ्यात गेला. विरेश जन्मला त्या दिवशी पोराचं तोंड बघायच्या आधी त्यानं देवाला पाणी घातलं. लोक म्हणत, असा गुरव बघायला मिळत नाही. शिवशरण मनात म्हणे, ज्याच्या गाभाऱ्यात देव आहे, त्याला एखाद दिवस आळस परवडतो. मला कसा परवडेल?

त्याच्या वडलांनी त्याला लहानपणी एक सवय लावली होती. पहिलं पाणी घालायच्या आधी पिंडीला कान लावायचा. जुन्या देवळाखाली नदीचा डोह होता, आणि खडकातून एक बारीक घुमारा यायचा, दूरवर कुणीतरी ओठ मिटून गात असल्यासारखा. "जागा हाय," वडील म्हणायचे, आणि मग पाणी घालायचे. नव्या पिंडीला शिवशरण रोज कान लावी. दगड गार असे, आणि गप्प. पाणी घालायला तो हात वर करी, आणि नेमका तेव्हाच पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, एक थेंब सरके. सुरुवातीला तो सदरा काढून बघायचा. सदरा कोरडा असायचा. नंतर त्यानं बघायचं सोडलं. थेंब मात्र यायचा थांबला नाही.

त्याला सगळ्यात जास्त घाबरवायचं ते वेगळंच. नवस फळाला यायचे. लक्ष्मीबाईच्या सुनेला नऊ वर्षं मूल नव्हतं. लक्ष्मीबाईनं अकरा सोमवार उपास धरून पिंडीला पाणी घातलं, आणि नातू झाला, उत्कर्ष. आता तो लातूरला कॉलेजात शिकतो. शिवशरण तेव्हा सगळ्यांबरोबर हसला, पेढा खाल्ला, आणि घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडला. त्या रिकाम्या दगडातून ऐकलं कुणी? देव नसेल, अशी भीती त्याला कधीच वाटली नाही. देव होता. आणि आपण त्याला कुठंतरी वाटेवर सांडून आलो, तरीही तो ऐकतोय, ही भीती त्याला झोपू देत नव्हती.

यंदा, दोन हजार चोवीसच्या मे महिन्यात, धरणानं तळ गाठला. आधी जुन्या गावाच्या विहिरींचे कठडे दिसले, मग देवळाचा चौथरा, आणि शेवटी भेगाळलेल्या चिखलातून पिंड वर आली. पोरं मोटरसायकलवर जाऊन तिच्याजवळ उभं राहून रील काढायला लागली. गाळ न्यायला ट्रॅक्टरची रांग लागली. शिवशरणच्या विरेशचाही त्यात एक ट्रॅक्टर होता.

देवस्थान समितीची बैठक बसली. समितीचे प्रमुख उत्तरेश्वर तात्या म्हणाले, "चौथऱ्याचे दगड घडीव हायत. साठ-सत्तर चिरे निघतील. आपल्या सभामंडपाचं जोतं फुकटात उठतंय."

"अन् पिंड?" एकानं विचारलं.

"ती उतरवलेली पिंड हाय. तिच्यात आता काय ऱ्हायलंय? पोरं बूट घालून तिच्यावर बसायलीत. त्यापरीस ब्रेकरनं फोडून तुकडे पान्यात सोडू. शास्त्रात बी तसंच हाय. का ओ अप्पा?"

गावात शिवशरणला आता सगळे अप्पा म्हणत. सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं.

"मला जरा मार्तंड गुरुजींना इचारू द्या," तो म्हणाला.

"हायत व्हय अजून ते?"

"हायत. थकलेत, पन हायत."

"इचारा की. जेसीबी सोमवारी येतोय. सोमवारच्या आत इचारा म्हंजी झालं," तात्या म्हणाले, आणि चिऱ्यांचा हिशोब पुढं सुरू झाला.

शिवशरण दुसऱ्या दिवशी एसटीनं तुळजापूरला गेला. मार्तंड शास्त्र्यांना अठ्ठ्याऐंशीवं चाललेलं. त्यांची नात नीरजा शाळेत शिकवायची, तिनं दार उघडलं, खुर्ची दिली आणि हळूच सांगितलं, "काका, लवकर आटपा हं. बोलले की त्यांना धाप लागते."

गुरुजी खिडकीशी बसले होते. मांडीवर एक ताट, ताटात तांदूळ. अक्षतांसाठी ते अख्खे दाणे वेगळे काढत होते. बोटं थरथरत होती, पण दाणा चुकत नव्हता. त्यांनी शिवशरणला लगेच ओळखलं.

शिवशरणनं सगळं सांगितलं. राख, व्हिडिओ, चीर, पिंप, तवंग. पहिल्यांदाच सांगत होता, त्यामुळं मध्ये मध्ये अडखळला. गुरुजी तांदूळ निवडत राहिले.

"किती गळालं?" त्यांनी विचारलं.

"सगळंच, गुरुजी. वाटभर."

"हं."

"आता ते जुनी पिंड फोडनार हायत. मला एवढंच सांगा. देव कुठं हाय? जुन्या पिंडीत ऱ्हायला, का वाटंत सांडला, का नव्या पिंडीत आला?"

गुरुजींनी ताट बाजूला ठेवलं. खाली गल्लीत कुणीतरी कवड्यांच्या माळा विकत होतं.

"आवाहनाचे मंत्र मला पाठ आहेत," ते म्हणाले. "विसर्जनाचेही आहेत. देव आला, हे ओळखायचं कसं, त्याचा मंत्र नाही रे. मी सत्तर वर्षं शोधतोय."

"पन तुमी तवा नव्या पिंडीवर हात ठिवला हुता. तुमाला काय जानवलं?"

"दगड तापला होता. हात पोळला. मी म्हटलं, आला असेल." ते थांबले, त्यांनी श्वास घेतला. "तू कळशी उचललीस तेव्हा जड होती?"

"लई जड. मान मोडली माझी."

"पाण्यानं जड, की..."

"ते मला कळलं न्हाय, गुरुजी."

"मलाही नाही."

शिवशरण वाट बघत राहिला. मोठी माणसं असं म्हटल्यावर पुढं काहीतरी सांगतात. गुरुजी काही सांगेनात. मग ते म्हणाले, "प्रायश्चित्त आहे. जप आहे, उपास आहे. ते तुझ्या खोटं बोलण्याचं झालं. देव कुठं आहे, ते त्यानं कळत नाही."

"मग पिंड फोडू देऊ का?"

"मला विचारू नकोस," गुरुजी म्हणाले. आवाज चिडका नव्हता, घाबरलेला होता. "शिवशरण, मी धरणाखाली जाणारी सात गावं हलवली. सात कळशा. तुझी एक कळली. बाकीच्या सहा कुणी राखेवर ठेवून पाहिल्या होत्या?"

नीरजा पाणी घेऊन आली. गुरुजींनी ताट परत मांडीवर घेतलं, पण आता त्यांच्या बोटांना अख्खा दाणा आणि कणी वेगळी ओळखू येईना. ते दोन्ही एकाच बाजूला सारत होते. शिवशरण पाया पडून निघाला. जिन्यात त्याला वाटलं, आपण ओझं उतरवायला आलो होतो आणि त्यातलं अर्धं एका म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवून चाललोय. आपलं तर कमी झालंच नाही.

घरी त्याची बायको सखूबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. शिवशरण उंबऱ्याशी बसला आणि तिलाही सांगायला लागला. पिंपापर्यंत आला, तेव्हा ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "मला ठाव हाय."

"काय ठाव हाय?"

"म्या बघितलं हुतं. शेडच्या आडोशाला म्या चूळ भराया आले हुते. तुमी कळशी बुडवायलाव, म्या बघितलं."

"छत्तीस वर्सं?" तो म्हणाला. "अन् बोलली न्हाईस?"

"तुमी तरी कुठं बोललाव?" तिनं भाकरी निखाऱ्याला लावली. "नवी नवरी हुते. माझ्या सांगन्यानं गावाचा देव जानार, तुमची इज्जत जानार, मामंजींचा जीव जानार. म्या काय सांगू?"

"मग रोज कुनाला हात जोडलेस?"

सखूबाईनं निखाऱ्यावरची भाकरी फिरवली. "पयल्या वर्साला भ्या वाटायचं. हात जोडताना वाटायचं, आत कुनीच न्हाय, अन् आपन बोलायलोत. कुनी बघितलं तर येडं म्हनल. मग सवय झाली. आता बी कदी कदी वाटतंय." तिनं भाकरी टोपल्यात टाकली. "तुमी फोडू देनार का?"

"न्हाय."

"मग सांगावं लागंल."

"व्हय."

"जेवून घ्या आदी," ती म्हणाली.

सोमवारी उजाडायच्या आतच शिवशरण जुन्या गावाच्या जागी पोचला. गाळ वाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या; पाय पडला की कौल फुटल्यासारख्या वाजत. मेलेल्या शिंपल्यांचा वास होता. गावाचा रस्ता त्याला पाठ होता, पण बाजूला घरं नव्हती, म्हणून दोनदा चुकला. एकदा तर तो आपल्याच जुन्या घराच्या जागेवरून चालत गेला आणि चूल ओलांडल्यावर त्याच्या ध्यानात आलं.

पिंड काळी होती, अंगावर गाळाची साय. त्यानं खांद्यावरच्या दस्तीनं ती पुसली, गुडघे टेकले आणि कान लावला.

काही नाही.

त्यानं दुसरा कान लावला. श्वास धरून ठेवला. खालचा डोह गाळानं भरून गेला होता, हे त्याला कळत होतं. घुमारा येणार कुठून? तरीही तो बराच वेळ तसाच बसला. आता दोन दगड झाले होते, आणि दोन्ही गप्प. त्यानं पिंडीला विचारलं, "तू हाईस का?" मग त्याला आपल्याच प्रश्नाचं हसू आलं, कारण ज्यानं छत्तीस वर्षं ऐकलं, त्यानं एकदाही उत्तर दिलं नव्हतं. पाठीवर थेंब सरकला. या वेळी तो नुसता सरकला नाही. कमरेपर्यंत हळूहळू उतरला.

आठच्या सुमाराला जेसीबी आला. मागं उत्तरेश्वर तात्या, समितीची माणसं, विरेशचा ट्रॅक्टर, आणि चार-पाच बायका. लक्ष्मीबाई हळदीकुंकू घेऊन आली होती. पिंडीचा एखादा तुकडा तिला देव्हाऱ्यात ठेवायचा होता. जेसीबीवर उमरग्याकडचा शिवानंद नावाचा ड्रायव्हर होता. त्यानं ब्रेकर जोडला.

"अप्पा, सरका बाजूला," तात्या म्हणाले. "गुरुजी काय म्हनले?"

"काय म्हनले न्हाईत." शिवशरण पिंडीसमोर उभा होता. "तात्या, मला थोडं बोलायचंय. मशीन बंद करायला सांगा."

आणि त्यानं सांगितलं. तिसऱ्यांदा सांगत होता, त्यामुळं या वेळी अडखळला नाही. जेसीबीचं इंजिन बंद होतं, म्हणून सगळ्यांना नीट ऐकू गेलं.

"म्हंजी आमी डिझेलचं तीर्थ पिलाव म्हना की," एकजण म्हणाला. दोघं हसले, आणि आपलंच हसू ऐकून गप्प झाले.

"अप्पा, उनात लई येळ बसलाव तुमी," तात्या म्हणाले. "डोस्कं तापलंय तुमचं. विरेश, तुझ्या बापाला घरी ने."

विरेश जागचा हलला नाही. तो बापाकडं बघत होता.

लक्ष्मीबाई पुढं आली. तिच्या हातातलं कुंकवाचं तबक तिरकं झालं होतं, आणि कुंकू गाळावर सांडत होतं. "माझा उत्कर्ष मग कुनी दिला?"

"मला ठाव न्हाय, लक्ष्मीबाई."

"ठाव न्हाय? तुमच्या हातानं अंगारा घेतलाय म्या. अकरा सोमवार. तुमी म्हनलाव, देव बगतोय."

"म्हनलो. त्यो बगतोय असंच वाटत हुतं मला. अजून बी वाटतंय. कुठनं बगतोय, ते ठाव न्हाय."

"असं कसं ठाव न्हाय?" तिचा आवाज चढला नाही, बारीक झाला. "मग म्या आता हात कुठं जोडू?"

ते माहीत असतं, तर शिवशरण छत्तीस वर्षं पिंडीला कान लावत कशाला बसला असता? लक्ष्मीबाईनं तबक सरळ केलं. ती मागं फिरली.

तात्यांनी ड्रायव्हरला हात केला. "चालू कर रे."

शिवानंद खाली उतरला होता. त्यानं तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. "म्या न्हाय लावनार ब्रेकर," तो म्हणाला.

"पैसे ठरल्यात."

"पैसे तुमचे तुमाला. आज सकाळी आलाव तवा त्यो दगड हुता. आता हे म्हातारं म्हनतंय, ठाव न्हाय. माझ्या बायकोला आठवा लागलाय, मालक. ठाव नसलेल्या गोष्टीवर म्या ब्रेकर मारत नसतो."

दुसरा ड्रायव्हर मिळाला असता. पण दोन दिवसांत गोष्ट माकणीपर्यंत गेली, आणि कुणीच यायला तयार होईना. पिंड तशीच राहिली, चौथऱ्यासकट.

नव्या गावात समितीची बैठक पुन्हा बसली. या वेळी शिवशरणला बोलावलं नव्हतं. ठरलं ते विरेश येऊन सांगून गेला. श्रावणात लातूरहून दुसरे गुरुजी आणायचे, नव्यानं प्रतिष्ठा करायची. कळशी स्टीलची, झाळ नसलेली. पूजा विरेश करील. अप्पांनी गाभाऱ्यात पाय टाकायचा नाही.

"म्या न्हाय म्हनलो हुतो," विरेश म्हणाला. "ते म्हनले, मग गुरवकीच दुसऱ्याला देऊ."

"कर तू," शिवशरण म्हणाला. "येळ चुकवू नको फकस्त. चारला उठावं लागंल."

"अप्पा, नवा देव आननार म्हनत्यात. कुठनं आननार?"

"ते त्यास्नी इचार," सखूबाई आतून म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून शिवशरण पहाटे उठून कळशी घेऊन निघायला लागला. आधी नव्या देवळाच्या पायरीवर थोडं पाणी; आत जायला बंदी होती, पायरीला नव्हती. मग दोन कोसांची ती जुनी वाट. आता तिथं निम्मी शेतं झाली होती, मध्ये एका ठिकाणी सोलरची तारजाळी होती. तो जमेल तिथं वाकून ओंजळभर पाणी भुईवर सोडायचा. शेतकरी बघायचे. एकानं विचारलं, "अप्पा, काय पेरायलाव?" तो म्हणाला, "काय न्हाय." उरलेलं पाणी तो जुन्या पिंडीला घालायचा. कळशी चांगली होती, राखेवर ठेवून पाहिलेली. पिंडीपर्यंत पोचेस्तोवर तळाशी थोडंच उरलेलं असायचं.

गाव त्याच्याशी बोलत नव्हतं. पोरं मात्र लांबून बघत आणि एकमेकांना ढकलत. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, की गुरवाच्या पाठीवर देव बसलेला आहे.

जुलैत वर कुठंतरी पाऊस झाला, आणि धरणात पाणी चढायला लागलं. एका सकाळी चौथरा भिजला. चौथ्या दिवशी पिंडीला पाण्याचा वेढा पडला, आणि शिवशरण घोट्याइतक्या पाण्यातून आत गेला. सातव्या दिवशी पिंड दिसेनाशी झाली. पाणी मातकट होतं, वाऱ्यानं हलत होतं. तो मांड्यांपर्यंत पाण्यात उभा राहून अंदाज घेत होता, पिंड डाव्या हाताला की समोर. विहिरीचा कठडा बुडाला होता, ओळखीची एकही खूण वर नव्हती.

मागं पाण्यात पाय टाकल्याचा आवाज झाला. त्यानं वळून पाहिलं. लक्ष्मीबाई होती. लुगडं वर खोचलेलं, हातात पितळी तांब्या. एवढ्या वाटेनं ती एकटीच चालत आली होती. तिनं त्याला रामराम केला नाही. त्याच्यापासून चार हात लांब उभी राहिली आणि समोरच्या सगळ्या पाण्याकडं बघत राहिली.

"कुठं हाय?" तिनं विचारलं.

शिवशरणनं हात उचलला, पाण्यावर एका जागी नेला, मग थोडा बाजूला, आणि मग खाली केला.

लक्ष्मीबाईनं त्याच्या हाताकडं पाहिलं. ती आणखी एक पाऊल पुढं गेली, पाणी तिच्या कमरेला लागलं. तिनं तांब्या कपाळाला लावला, डोळे मिटले, आणि पाणी पाण्यात ओतलं.